थांबाताईची चौथी गोष्ट

थांबाताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं विमानतळावर कोणी उरलं नव्हतं. हजेरीच्या यादीत ते नाव होतं, तेवढंच. बॅगा उतरवणाऱ्यांपासून वरच्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत सगळे तिला थांबाताई म्हणत. त्यात चिडवणं थोडं आणि मान जास्त होता, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

बावीस वर्षं ती सामानाचा ट्रॅक्टर चालवत होती. मागे चार ट्रॉल्या, ट्रॉल्यांत लोकांच्या बॅगा, आणि पुढे काँक्रीटचं ते अफाट पटांगण, ज्याला तिथली माणसं रॅम्प म्हणतात. विमानं तिथे उभी राहतात, तिथूनच निघतात, आणि त्यांच्या पायात-पायात इंधनाच्या, जेवणाच्या, सामानाच्या गाड्या दिवसभर पळत असतात. गाड्यांच्या रस्त्याला जिथे विमानांची वाट आडवी येते, तिथे जमिनीवर एक जाड रेघ मारलेली असते. त्या रेघेशी थांबायचं. विमान दिसो वा न दिसो, चाक पूर्ण थांबलं पाहिजे. कारण विमानाला मागे जाता येत नाही, चटकन वळता येत नाही, आणि वर बसलेल्या वैमानिकाला आपल्या नाकाखालचं काही दिसत नाही. वाट कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्नच तिथे नाही. वाट नेहमी विमानाची.

बाकीचे त्या रेघेशी थांबत. थांबाताई मात्र मुक्काम करायची. कानांवरची झाकणं जरा उचलायची, डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची आणि मोठ्याने म्हणायची, "डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही." मग स्वारी निघायची. आणि दुसरा कोणी न थांबता पुढे गेलाच, तर भर उन्हात उभी राहून अशी "थांबाऽऽ" म्हणून ओरडायची, की पलीकडे उभ्या विमानालाही वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं.

घरी नवरा म्हणायचा, "हिच्याबरोबर बाजारात जायची सोय नाही हो. गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, इकडे बघते, तिकडे बघते. तोवर दुकानदार शटर ओढून जेवायला जातो."

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीजवळचं टेबल त्याचं, आणि त्यावर कायम कुठलं तरी मशीन पोट उघडून पडलेलं. जेवायला बसताना ताटाखाली स्क्रू सापडायचे. थांबाताई संतापायची, कारण तिच्या रॅम्पवर जमिनीवर पडलेला स्क्रू म्हणजे महापाप. इंजिनाने ओढून घेतला की सत्यानाश! ती खाली वाकून एकेक वेचायची आणि नवऱ्याच्या वाटीत टाकायची. "घ्या, जेवा," म्हणायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही बदलावं असं वाटत नव्हतं.

गेली बारा वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं कामही तिच्याकडे होतं, आणि खरा जीव तिचा तिथे होता. दहावीत दोनदा आपटलेली बाई ती. पण फळ्यासमोर उभी राहिली की समोरची मिशीवाली माणसं वह्या उघडून बसत आणि ती म्हणेल ते लिहून घेत. हे सुख ती कोणाला सांगत नसे. घरी येऊन फक्त म्हणायची, "आज घसा बसला बाई शिकवून शिकवून." आणि तोंडावर असा आनंद, की नवरा गुपचूप पाणी गरम करायला उठायचा.

आता तर येत्या एक तारखेपासून ती शिकवणीची प्रमुख होणार होती. ट्रॅक्टर सुटणार, वेगळी खोली, खोलीत टेबल, टेबलामागे खुर्ची, दारावर पाटी. बावीस वर्षांच्या धक्क्यांनी तिच्या कंबरेचं पार भुस्कट झालं होतं, म्हणून नवऱ्याने त्या खुर्चीसाठी आधीच एक जाडजूड उशी शिवून ठेवली होती. निळी. चारही कोपरे चोख.

तिची शिकवायची एक पद्धत होती. पुस्तकातलं सगळं वर्गात शिकवून झालं, परीक्षा झाली, की शेवटच्या दिवशी ती सगळ्यांना ट्रॅक्टरच्या शेडमध्ये चहाला बसवायची आणि म्हणायची, "पुस्तक झालं. आता माझ्या पाच गोष्टी ऐका. या कुठे लिहिलेल्या नाहीत." ओल्या जमिनीवर पिवळ्या रेघेवर ब्रेक मारू नका, रंगावरून चाक घसरतं. इंजिनामागची हवा उन्हात थरथरताना दिसली तर विमान मेलेलं नाही, जिवंत आहे. अशा. सगळ्या तिच्या स्वतःच्या अनुभवातल्या, आणि लोकांच्या त्याच लक्षात राहायच्या. पुस्तकातलं पंधरा दिवसांत विसरायचे.

यातली चौथी गोष्ट दिव्याची. विमानाच्या पुढच्या चाकाच्या दांड्यावर एक मोठा दिवा असतो. जमिनीवर चालताना तो लावलेला असतो. थांबाताई सांगायची, "तुम्ही रेघेशी उभे आहात, विमान जवळ आलंय आणि त्याने तो दिवा मालवला, तर समजा तो थांबला. तुम्हाला म्हणतोय, जा बाबा. मग रेंगाळू नका, निघा."

ही गोष्ट तिला मिळाली होती नोकरीच्या पहिल्या वर्षी. नवखी होती. एकदा रेघेशी अडकली असताना एक भलंमोठं विमान समोर येऊन थांबलं, दिवा मालवला, आणि वर काचेतून वैमानिकाने हात हलवला. ती भीत भीत पार झाली. पलीकडे गेल्यावर तिला रडूच आलं. एवढं मोठं विमान, आत दोनशे माणसं, आणि ते माझ्यासाठी थांबलं! त्यानंतर शेकडो वेळा तिने तसंच पाहिलं. दिवा मालवायचा, विमान थांबलेलं असायचं. एकदाही चुकलं नाही. मग तिने ते शिकवायला घेतलं.

आणि मग महिना संपायला बारा दिवस असताना टॅक्सीभाऊ विमानाच्या पुढ्यात गेला.

टॅक्सीभाऊ म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, गोडबोल्या माणूस. अठरा वर्षं शहरात टॅक्सी चालवली, मग रात्रीबेरात्रीच्या गिऱ्हाइकांना कंटाळून इथे ट्रॅक्टरवर आला. थांबाताईच्याच हाताखाली शिकला. सकाळी अकराची वेळ, लख्ख ऊन. तो चार भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रेघेशी व्यवस्थित थांबला होता. डावीकडून विमान येत होतं. विमानाने दिवा मालवला. टॅक्सीभाऊ निघाला. विमान थांबलंच नव्हतं, हळूहळू सरकतच होतं. वैमानिकाने करकचून ब्रेक मारला. शेवटची ट्रॉली आणि विमानाचं पुढचं चाक यांच्यात तीन मोटारी मावतील एवढीच जागा उरली. आत एका प्रवाशाला उतरायची फार घाई होती; पट्टा सोडून वरची बॅग काढायला उभा राहिलेला. तो आडवा झाला आणि त्याचं मनगट मोडलं. याहून जास्त कोणाला काही झालं नाही, हे सगळ्यांचं नशीब.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला सेफ्टी ऑफिसर, म्हणजे बारीक चणीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या एक मॅडम. त्यांच्या शेजारी त्या विमानाचा वैमानिक. समोर टॅक्सीभाऊ, आणि त्याला शिकवणारी म्हणून त्याची परीक्षेची कागदपत्रं घेऊन थांबाताई.

वैमानिक म्हणाला, "मी जागेवर वळत होतो. समोर हातवारे करून विमान उभं करणारा माणूस होता. त्याचे डोळे दिपू नयेत म्हणून आम्ही तो दिवा मालवतो. कधी उभं राहिल्यावर मालवतो, कधी चालताना मालवतो. त्याचा गाड्यांशी काही संबंध नाही. खरं सांगायचं तर गाड्या आम्हाला तिथून नीट दिसतही नाहीत."

थांबाताईचे हात कागदांवर होते ते तिथेच राहिले.

मॅडमनी टॅक्सीभाऊला विचारलं, "दिवा मालवला म्हणजे जा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

टॅक्सीभाऊने थांबाताईकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही मॅडम. माझ्याच डोक्यातलं खूळ."

"टॅक्सीची सवय," मॅडमच म्हणाल्या. वैमानिकालाही ते पटलं. रस्त्यावर समोरचा दिव्याची उघडझाप करतो, आपण जातो, तसंच. मॅडमनी लिहून घेतलं. परवाना कायमचा रद्द करायची शिफारस होणार, असं त्या म्हणाल्या. कायमचा, म्हणजे विमानतळाच्या आत त्याला पुन्हा चाकाला हात लावता येणार नव्हता.

आणि थांबाताई गप्प बसली. इतरांवर बावीस वर्षं ओरडणारी ती बाई तिथे मूग गिळून बसली. उगाच तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. तिला बोलता येत होतं, कोणी तोंड दाबलं नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी पाटी आणि खुर्ची होती. हे तिने पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं.

घरी आली ती चपला घालूनच बसून राहिली. नवऱ्याने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. ताटाखाली स्क्रू आला तरी ती काही बोलली नाही, तेव्हा त्याने मशीन बाजूला सारलं.

"काय झालंय ते सांगतेस, का मी अंदाज बांधत बसू?"

तिने सगळं सांगितलं. दिवा, वैमानिक, टॅक्सीभाऊचं शिवलेलं तोंड. शेवटी म्हणाली, "अहो, आणि तो पहिला वैमानिक. त्याने मला हात केलाच नसेल हो. शेजारच्याशी बोलताना हलवला असेल. आणि मी आयुष्यभर ऊर भरून फिरतेय, विमान माझ्यासाठी थांबलं म्हणून." आणि ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली.

नवऱ्याने तिला रडू दिलं. मग म्हणाला, "टॅक्सीभाऊने स्वतःहून पत्करलंय ना? त्याने तुला वाचवलंय."

"हो."

"मग आता किती जणांना ठाऊक आहे ही दिव्याची गोष्ट?"

थांबाताईने तोंड पुसलं. सासरी गेलेल्या मुलीची जुनी वही कपाटावर होती, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती आठवून आठवून लिहायला बसली. बारा वर्षांतली एकेक तुकडी. इंधनाच्या गाडीवरचा लाजाळू. जेवणाच्या गाडीवरच्या दोघी बहिणी. शिडीच्या गाडीवरचा पैलवान. चहा निवून साय धरली तरी ती लिहितच होती. सत्तेचाळीस निघाले. त्यातला टॅक्सीभाऊ अडकला, त्याचा परवाना जाणार. उरलेले सेहेचाळीस उद्या सकाळी पुन्हा दिवा बघून निघणार होते.

"उशी कोणाला तरी देऊन टाका," ती नवऱ्याला म्हणाली.

"माझी शिलाई फुकट नाही घालवायची. ट्रॅक्टरवर घाल," तो म्हणाला आणि बटाटे चिरायला उठला.

सकाळी मॅडम यायच्या आधीच ती त्यांच्या दाराशी उभी होती. सांगताना एकदाही थांबली नाही; थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. मॅडमनी पूर्ण ऐकलं, मग पेन उघडलं. "पुन्हा सांगा. सावकाश. मी लिहून घेते." लिहून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, एक तारखेचं आता होणार नाही. शिकवणंही काढून घ्यावं लागेल."

"ठाऊक आहे."

"काल का नाही बोललात?"

"खुर्ची हवी होती," थांबाताई म्हणाली. मॅडमना असं सरळ उत्तर बहुतेक अपेक्षित नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाल्या, "मी सूचना काढीन, भिंतीवर लावीन. पण सूचना कोण वाचतं? या सत्तेचाळीस जणांना तुम्ही स्वतः सांगायचं. प्रत्येकाला, तोंडावर."

झालं. त्या दिवसापासून थांबाताई वही घेऊन रॅम्पवर फिरायला लागली. पाळी संपली की शेडमध्ये, कॅन्टीनमध्ये, गाड्या धुवायच्या जागी. "माझी चौथी गोष्ट चुकीची होती. दिव्यावर जाऊ नका. विमान तुमच्या पुढून निघून जाईपर्यंत, नाहीतर जागेवर उभं राहून त्याची इंजिनं बंद होईपर्यंत हलू नका." एवढंच म्हणायचं आणि नावापुढे खूण करायची. पहिल्या दिवशी फार जड गेलं. दहाव्या माणसापर्यंत सवय झाली. काही हसले. एकजण कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, मास्तरीणबाईच नापास!" तिने तेही ऐकून घेतलं आणि त्याच्या नावापुढे खूण केली.

पण शिडीच्या गाडीवरचा पैलवान काही हसला नाही. एवढा थोरला माणूस, मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला दोनदा तसा अनुभव आला होता. दिवा मालवला, आणि विमान चालूच. मी कसाबसा मागे आलो."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगितलेलं ना. मला वाटलं, माझंच बघण्यात काहीतरी चुकलं."

हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. मनगट मोडलेल्या प्रवाशापेक्षा जास्त. त्या दिवशी तिने पुढची नावं घेतली नाहीत. शेडमागे जाऊन जरा वेळ एकटीच उभी राहिली, मग ट्रॅक्टरवर बसली आणि राहिलेली पाळी पुरी केली.

टॅक्सीभाऊचा परवाना रद्द झाला नाही. पंधरा दिवस घरी बसवलं आणि पुन्हा परीक्षा. तो परत आला तो तणतणतच. "ताई, मी तुमच्यासाठी तोंड शिवून बसलो! बायकोच्या शिव्या खाल्ल्या! आणि तुम्ही जाऊन सगळं ओकलात? माझ्या मोठेपणावर बोळाच फिरवलात की हो!"

"भाऊ, तुम्ही गेला असतात, मी खुर्चीत बसले असते, आणि महिन्याभरात दुसरा कोणी चाकाखाली गेला असता. मग तुमच्या मोठेपणाचं काय लोणचं घालायचं होतं?"

टॅक्सीभाऊने डोकं खाजवलं. त्याला हे सुचलंच नव्हतं. मग म्हणाला, "निदान चहा तरी पाजा." तिने पाजला. दोन पाजले.

शिकवणीच्या खोलीत दुसराच माणूस बसला. थांबाताई ट्रॅक्टरवर राहिली, बुडाखाली निळी उशी. कंबर आधीपेक्षा बरी होती, हे मात्र तिला कबूल करावं लागलं. सकाळी नवीन तुकडी वह्या काखोटीला मारून त्या खोलीकडे जाताना दिसली की ती दुसरीकडे बघायची. तेवढं एक सोडलं तर तिचं छान चाललं होतं. जेवण गोड लागत होतं, नवऱ्याशी भांडण पूर्ववत सुरू झालं होतं.

वहीत आता एकच नाव बिनखुणेचं राहिलं होतं. लंबू. आठ वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकला, पाच वर्षं ट्रॅक्टर चालवला आणि मग समुद्रापलीकडच्या एका मोठ्या विमानतळावर नोकरीला गेला. त्याचा नंबर कोणाकडेच नव्हता. नवऱ्याने तीन दिवस याच्या-त्याच्या ओळखी काढून तो मिळवला. एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, त्यानेच फोन लावून तिच्या हातात दिला.

"ताई! तुम्ही?" लंबू ओरडलाच. "अहो, तुमची रोज आठवण काढतो! मी पण आता शिकवतो इथे! तुमच्यासारखंच. पुस्तक झालं की चहा, आणि मग पाच गोष्टी!"

थांबाताईने वही पुढे ओढली. "चौथी पण?"

"चौथी तर पोरांना सगळ्यांत आवडते."

"किती जणांना सांगितलीस?"

"एकोणीस झाले असतील."

तिने डोळे मिटले. मग सगळं सांगितलं, टॅक्सीभाऊपासून पैलवानापर्यंत, काही हातचं न राखता.

"ताई," लंबू म्हणाला, आणि आवाज पार उतरला होता, "इथे कोणाला माहीत नाही. काही झालेलंही नाही. मी हळूच शिकवायचं बंद केलं तर नाही चालणार? आता सांगितलं तर नोकरी जाईल हो माझी."

"नोकरी जाते का, ते तुझ्या साहेबांच्या हातात. मी खोटं कशाला सांगू? माझी नाही गेली. खुर्ची गेली." ती स्टुलावर टेकली. "मला खुर्ची फार हवी होती रे. अजून वाईट वाटतं. पण त्या एकोणीस जणांनी तुझं ऐकलंय, लंबू. दुसरं कोणी सांगून नाही ते ऐकणार."

तो बरं म्हणाला, की नुसताच हुंकारला, ते तिला नीट कळलं नाही. फोन ठेवला. वहीत त्याच्या नावापुढे खूण करावी की नाही, हे न कळून तिने पेन तसंच खाली ठेवलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. लंबूकडून काही नाही. "सांगणार नाही तो," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तरी कुठे पहिल्या दिवशी सांगितलं?" बुधवारी संध्याकाळी ती दारात चपला काढत होती आणि फोन वाजला. लंबूचा निरोप होता, दोन ओळींचा. एकोणीसच्या एकोणीस जणांना तोंडावर सांगितलं. शिकवणं काढून घेतलं, उद्यापासून पुन्हा ट्रॅक्टर.

तिने तो उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. एका पायात चप्पल तशीच घेऊन आत धावली आणि मशीनमध्ये मान घातलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांपुढे फोन धरला.

"अहो, वाचा! वाचा की!" आवाज फुटत होता तिचा, डोळे वाहत होते, आणि ती हसत होती. "मी शिकवलंय याला! माझा विद्यार्थी आहे हा!"